कलम ब्याऐंशीचे अभय

उभ्या हयातीत फौजदारी न्यायालयात उलटतपासणी करून भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाच्या दंडावर दीड वर्षाच्या नातीने आपल्या दातांची मोहोर उमटवावी, आणि ती पाहण्यासाठी शेजारच्या बायकांनी चष्मे पुसून यावे, हे माझ्या प्रतिष्ठेस मानवण्यासारखे नव्हते. तत्पूर्वी तिने कामवाल्या बाईंची करंगळी आणि शेजारच्या मुलाचा गाल चाखला होता, तेव्हा लेकरू अजाण आहे असे म्हणून मीच सर्वांस क्षमेचा उपदेश केला होता. परंतु खुद्द कुटुंबप्रमुखास चावा घेतला गेल्यावर प्रकरणाची गंभीर दखल घेणे प्राप्त झाले.

प्रथम कायदा पाहिला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३२० मध्ये जबर दुखापतीचे जे आठ प्रकार दिले आहेत, त्यांत दात मोडणे वा निखळणे हा एक आहे. म्हणजे तेथे दात हा फिर्यादी पक्षाचा. तोच आरोपी झाला तर काय, या प्रश्नावर माणसाचे दात हे घातक हत्यार नव्हे असा निर्वाळा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दिलेला आहे. निवाडा लिहिला गेला तेव्हा न्यायमूर्तींच्या मांडीवर कोणी नातवंड नसावे. आणि या सर्वांवर कडी म्हणजे कलम ८२: सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य अपराध नव्हे! या अभयपत्राचे मूळ मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात आहे. मेकॉले आजन्म अविवाहित. तथापि कलकत्त्यास त्याची बहीण व मेहुणे त्याच्याच बिऱ्हाडी राहत, आणि १८३५ साली त्यांना तेथे कन्यारत्न झाले होते, ही बाब मला विलक्षण महत्त्वाची वाटते. मसुदा तयार होत असताना ही भाची नेमकी सुळे फुटण्याच्या वयाची होती. कागदांची भेंडोळी पसरून बसलेल्या त्या महापंडिताच्या पोटरीस तिने एके दुपारी कडकडून चावा घेतला असावा, त्याने संतापून दंडाचे कलम लिहिण्यास लेखणी उचलली असावी, तिने वर पाहून खुदकन हसून दिले असावे, आणि दंडाच्या जागी माफी उतरली असावी. यास कागदोपत्री पुरावा तिळभरही नाही. परंतु याहून दुबळ्या परिस्थितिजन्य पुराव्यावर मी दावे जिंकलेले आहेत. २०२४ च्या जुलैपासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि ८२ चे २० झाले, तरी भाचीचे अभय अबाधित आहे.

कायद्याने हात टेकल्यावर सल्लागार पुढे सरसावले. एका वयोवृद्ध स्नेह्यांनी, "तुम्हीही एकदा कचकन चावून दाखवा, म्हणजे दुखणे काय ते तिला कळेल," असे फर्मावले. माझे दात रात्री वाटीत निजतात हा तांत्रिक मुद्दा बाजूस ठेवला, तरी या सल्ल्याने मी खरोखरच चिडलो. जे कृत्य करू नये म्हणून शिकवायचे, तेच मोठ्या माणसाने मोठ्या जबड्याने करून दाखवायचे, आणि त्यास संस्कार म्हणायचे! असल्या संस्कारांचे वळ अंगावर घेऊन वाढलेले अशील मी आरोपीच्या पिंजऱ्यात पुष्कळ पाहिले आहेत.

सूनबाईंची रीत निराळी होती. चावा घेतला की त्या ओरडत नसत आणि, जे मला फार जड गेले, कोणास हसूही देत नसत. आधी चावलेल्यास जवळ घेत; मग खाली बसून नातीच्या डोळ्यांत पाहून, "चावायचं नाही. दुखतं," एवढेच सांगत, आणि हिरड्या शिवशिवत असतील म्हणून थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ रुमाल चघळण्यास देत. "बाबा, कधी चावते त्याचं टिपण ठेवा," असा त्यांचा हुकूम झाल्यावर मी रोजनामा सुरू केला. चाव्यांच्या वेळा ठरलेल्या निघाल्या: झोप अनावर झालेली दुपार, पाहुण्यांनी गजबजलेली संध्याकाळ, हातातले खेळणे कोणी हिसकावल्याचा क्षण. माझ्या दंडाची नोंद करताना मात्र लेखणी अडखळली. त्या संध्याकाळी तिला मांडीवर घट्ट धरून मी पाहुण्यांस एका जुन्या खटल्याची हकिकत सांगत होतो; ती खाली उतरण्यासाठी धडपडत होती, माझा सदरा ओढत होती, आणि मी समारोपाच्या भाषणापर्यंत आलो होतो. ज्याने जन्मभर शब्दांवर पोट भरले, त्याच्या मांडीवर अडकलेल्या त्या जिवाजवळ जेमतेम चार-सहा शब्द होते आणि त्यांतला एकही अर्ज म्हणून दाखल करण्याजोगा नव्हता. दात तेवढे होते.

तेव्हा तिला शब्द द्यावे असे ठरले. "दे", "माझं", "नको": आम्ही सारे दिवसभर तेच घोकू लागलो, आणि पाहुण्यांच्या गर्दीत तिला उचलून आतल्या खोलीत नेण्याचे काम माझ्याकडे आले. चावे विरळ होत गेले. परवा एका होतकरू वकिलास मी कलम ८२ चा कलकत्त्याचा इतिहास ऐकवीत असताना ती चढून माझ्या मांडीवर बसली, तोंड उघडले, मी दंड मागे घेतला, तिने आपला चिकट तळवा माझ्या ओठांवर दाबला आणि स्वच्छ उच्चारात म्हणाली, "आबा, नको."

"अहो," चहाचा ट्रे घेऊन आलेली आमची सौभाग्यवती उद्गारली, "इतकी वर्षं संसार केला, पण मेलं मला हे कधी सुचलं नाही!"