आधी चाकं

आळीतले लोक रविवारी गाडी धुतात. आमचे दाजी डिटेलिंग करतात. साताऱ्यात शाहूपुरीतल्या त्यांच्या अंगणात पांढरी वॅगनआर उभी असते आणि तिच्याभोवती दाजी फिरत असतात, कमरेला तीन रंगांची मायक्रोफायबरची फडकी खोचून. निळं काचांना, पिवळं बॉडीला, करडं चाकांना. करडं फडकं चुकून बॉनेटवर ठेवल्याबद्दल माझ्या भाच्यानं एकदा अख्खी दुपार व्याख्यान ऐकलंय.

दाजी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. आधी आवक क्रमांक, मग टिपणी, मग सही, हे हाडात मुरलेलं. ऑफिस सुटलं, पण क्रम सुटेना. तो येऊन गाडीवर बसला.

क्रम असा. उन्हं कलल्यावर, सावलीत, बॉनेट हाताला गार लागलं की सुरुवात. तापलेल्या पत्र्यावर शांपू वाळतो आणि डाग धरतो. आधी चाकं. मग नुसत्या पाण्याचा फवारा मारून धूळ सैल करायची. मग फेस. मग दोन बादल्या, एकीत शांपू आणि दुसरीत साधं पाणी. हातमोजा दरवेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शांपूत बुडवायचा. टपापासून सुरू करून खाली यायचं. मग धुणं, मग क्ले, मग टिपणं, मग पॉलिश, मग वॅक्स. काचा आणि टायरची चमक सगळ्यात शेवटी.

“म्हणजे वरून खाली?” मी विचारलं.

“वरून खाली.”

“मग चाकं आधी कशी?”

या प्रश्नाची दाजी वाटच बघत असतात. “पाव्हणं, चाकावर ब्रेकची लोखंडी भुकटी असती. चाक घासलं की ती उडती बॉडीवर. बॉडी आधी धुतली, तर परत धुवावी लागंल. इसर्जन आधी आन् आवाहन मागनं, अशी पूजा करताय का तुम्ही?”

उत्तर बिनतोड होतं. दाजींच्या बाबतीत घरच्यांची अडचण हीच, की त्यांचं सगळं बरोबर असतं. रंगावरचा क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. धुळीसकट फडकं फिरवलं की त्यावर गोल गोल ओरखडे उठतात, हे त्यांनी मला दाखवून दिलं. दाखवायला केस मात्र ताईचा घ्यावा लागला.

घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी परीक्षा असते. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवायची. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. पाहुणा दचकला की दाजी खूश. “बघा! धुऊन बी एवढं राहिलंय.” मग क्लेचा गोळा निघतो. पत्रा ओला ठेवून तो हलक्या हातानं फिरवायचा, म्हणजे रुतलेले कण उचलून घेतो. तो खाली पडला तर मात्र खडे धरतो. मग तो फेकूनच द्यायचा, दयामाया नाही. हेच दाजी खाली पडलेली भाकरी फुंकर मारून खातात.

इतकी लखलखीत गाडी, पण ती जात कुठंच नाही. कासचं पठार घरापासून पंचवीसेक किलोमीटर. पठार 2012 साली जागतिक वारसायादीत गेलं. दाजींची गाडी अजून पठारावर गेलेली नाही. तिथली तांबडी माती चाकाच्या कमानीत बसली की निघत नाही म्हणे. ऊसतोड सुरू झाली की रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, आणि पावसाळ्यात तर विषयच नको. उरतो दसरा. त्या सणाला ताईला माहेरी, सांगलीला न्यावंच लागतं.

आणि सांगलीत माझा थोरला भाऊ आहे. दादाही डिटेलिंग करतो. त्याचं म्हणणं एकच: आधी आतून.

गेल्या खंडेनवमीला दोघांच्या गाड्या आमच्या अंगणात शेजारी शेजारी लागल्या, एमएच 11 आणि एमएच 10. दाजींनी चाकांचा ब्रश काढला. दादानं दारं उघडून मॅट बाहेर ओढले.

“आरं, बाहेरचं झाल्याबिगर दारं उघडायची न्हाईत,” दाजी म्हणाले. “पाणी आत जातंय.”

“आतली धूळ झटकल्यावर पडणार कुठं? बाहेरच की! मग धुवायचं बाहेरनं. ईषय संपला.”

विषय संपला नाही, कारण दोघंही बरोबर होते. शेवटी दादानं 2019 काढलं. ते तो नेहमीच शेवटी काढतो. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट असताना पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि गावभागात उभी असलेली दादाची गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर त्यानं किल्लीला हात लावला नाही. आधी बॅटरीची वायर काढली, मग सीट, मग खालचं मॅटिंग. त्याखाली नुसता काळा गाळ. सीट गच्चीवर वाळत टाकल्या; शेजारचे काका ड्रायव्हरच्या सीटवर बसून आठवडाभर तिथंच चहा प्यायले. “तवा मी चाकं घासत बसलो असतो तर आत भात पिकला असता,” दादा म्हणाला.

यावर दाजी गप्प झाले. मला मात्र दोघांचं कोडं उलगडलं. साताऱ्याची घाण वरून येते: पाऊस, डोंगराची धूळ, झाडाचा चीक, पाखरं. सांगलीची खालून येते. ज्याला जी आधी भेटली, तिथून त्याचा क्रम सुरू झाला.

दसऱ्याच्या सकाळी आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन अंगणात आली, तेव्हा दाजींनी खिशातून कागदी चिकटपट्टी काढली. बॉनेटवर एक चौकोन चिकटवला आणि अदबीनं म्हणाले, “आई, स्वस्तिक तेवढं या पट्टीवर काढा. सांगलीची हळद, 2018 ला भौगोलिक मानांकन मिळालेली. डाग सुटायचा न्हाई.”

आईनं ताट खाली ठेवलं नाही. “जावईबापू, लग्नात तुमच्या अंगाला हळद लावली, तेव्हा मागितली होती का चिकटपट्टी?”

दाजींनी पट्टी सोलली. स्वस्तिक उमटलं, झेंडूचा हार चढला, चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढं घेतली, नारळ फुटला. पाणी बॉनेटवर उडालं आणि लिंबू टायरला चिकटलं. दोघं एकदमच फडक्यांकडं धावले आणि त्यांची वाटणी बोलल्याशिवाय झाली: वरचं दाजींचं, खालचं दादाचं.

“ठेवा ती फडकी,” आई म्हणाली. “आधी देवाच्या पाया पडा, मग सोनं वाटा, मग जेवा. गाड्या शेवटी.”

या क्रमावर मात्र सातारा काही बोललं नाही, आणि सांगलीही.