हरळीला खत

फ्रिस्को, टेक्सास

तीर्थरूप आबा व सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार. इकडची मंडळी खुशाल आहेत.

पत्रास कारण की, धाकट्याच्या लग्नाआधी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घराचं तोंड नवं करायचं आबांनी मनावर घेतलं आहे, आणि ‘अमेरिकेत रस्त्यावरून घर झकास दिसावं म्हणून काय करत्यात, थोरल्याला इचार’ असा निरोप धाकट्याकरवी आला आहे. थोरल्यानं फोनवर सांगायला सुरुवात केली होती. पण गवताचा विषय निघताच आबा इतके हसले की फोन आईंकडं गेला आणि बोलणं लग्नाच्या पत्रिकेवर घसरलं. तेव्हा सूनबाईंचं म्हणणं पडलं की हे कागदावरच जाऊ द्यावं.

तर गवत. टेक्सासमध्ये घरापुढं हिरवळ असते ती पुष्कळदा बर्म्युडा ग्रासची. बियांच्या पिशवीवर शास्त्रीय नाव छापलेलं असतं: सायनोडॉन डॅक्टिलॉन. हिलाच कोल्हापुरात हरळी म्हणतात. आबांनी उसाच्या सरीतून जन्मभर खुरप्यानं उपसली, तीच. इथं तिला खत घालतात, तुषार सिंचनानं भिजवतात, आणि हिवाळ्यात ती वाळून तांबूस पडली की शेजारी हळहळतात. थोरला सुट्टीच्या दिवशी मशीन घेऊन ती कापतो. कापली नाही तर वसाहतीच्या संघटनेची नोटीस येते. एक फायदा मात्र आहे. गणपतीत दूर्वा दारातच मिळतात, फक्त फवारणी कधी झाली होती ते आठवून खुडाव्या लागतात.

याच्याही पुढची गोष्ट ऐकून आबा जेवणाच्या पानावरून उठतील. इथं घरालाच पाणी पाजतात! डॅलसच्या आसपासची जमीन काळी, चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि पाया हलला की भिंतीला तडा जातो. म्हणून उन्हाळ्यात पायाभोवती झिरपणारी नळी पसरून माती ओलसर ठेवायची. काळ्या रानातला माणूस हे कारण ऐकून मान डोलावेल, पण कौतुक करणार नाही.

बाकी सगळा कारभार संघटनेच्या हाती. घराला कुठला रंग द्यायचा त्याची यादी तयार असते. यादीतल्या रंगांची नावं वाळू, ओट, मशरूम अशी भूक लागेल अशी, पण भिंतीवर सगळे एकाच मळकट जातीचे. कचऱ्याची पेटी रस्त्यावरून दिसता कामा नये. सूनबाईंनी पुढच्या कठड्यावर इरकल वाळत टाकली, तर तिचीही दखल घेतली गेली. लेखी.

हे खूळ आजचं नाही. १८७० साली फ्रँक स्कॉट नावाच्या बागतज्ज्ञानं उपनगरातल्या घरांवर पुस्तक लिहिलं. दारची शोभा कुंपणाआड लपवून शेजाऱ्यांना तिला मुकवणं हे त्याच्या लेखी धर्माला सोडून होतं. पुढं १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाऊन ही हजारो एकसारख्या घरांची वसाहत उभी राहिली. तिथल्या करारात कुंपणाला बंदी, हंगामात दर आठवड्याला गवत कापायची सक्ती आणि शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायला मनाई होती. आजच्या संघटना त्याच घराण्यातल्या.

तोरणाचं मात्र नीट झालं. दाराला काहीही टांगू न देणाऱ्या संघटनांना २०११ साली टेक्सासच्या कायद्यानं चाप लावला आणि दारावर किंवा चौकटीवर धार्मिक चिन्ह लावायची मुभा दिली. मर्यादा २५ चौरस इंच! पाच इंच बाय पाच इंचात आंब्याचा टाळा बसवायचा तर पानं किती आणि कुठली, हा प्रश्नच होता. २०२१ मध्ये कायदा बदलला, ती मर्यादा गेली. आता आईंनी पाठवलेलं मण्यांचं तोरण चौकटभर लोंबतं आहे आणि कुणी ब्र काढत नाही.

एवढं करून त्या सुंदर दर्शनी भागात बसतं कोण? कुणी नाही. पोर्चमध्ये दोन खुर्च्या मांडलेल्या असतात, त्यांच्यावर उशाही असतात, माणूस नसतो. मालक गाडीतून थेट गॅरेजमध्ये शिरतो, दार खाली येतं, संपलं. शुक्रवार पेठेत आबांच्या कट्ट्यावर सकाळी पेपर, दुपारी भाजीवालीची पाटी आणि संध्याकाळी अख्ख्या तालमीचं राजकारण बसतं. म्हणून सगळ्यात आधी सांगणं हे की, पार्किंगसाठी कट्टा फोडायचा विचार असेल तर आबांनी तो सोडावा.

दुसरं एलिव्हेशनचं. ठेकेदारानं समोर एसीपी शीट आणि निळी काच सुचवली आहे, असं धाकटा सांगतो. त्या ठेकेदाराला आबांनी एकदा भाऊसिंगजी रोडवर टाऊन हॉलसमोर उभं करावं, मग न्यू पॅलेसला न्यावं. दोन्ही मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यातली. पॅलेसचं काम १८७७ ते १८८४ चाललं. मँट १८८१ मध्येच वारले, पुरी झालेली इमारत त्यांना दिसलीच नाही. त्या काळ्या घोटीव दगडाला तेव्हापासून कुणी रंगाचा हात दिलेला नाही आणि अजून पर्यटक तिच्यासमोर फोटो काढतात. घरच्या जोत्याचा दगडही काळाच आहे. त्यावर कुण्या हौशी पूर्वजानं चॉकलेटी ऑइलपेंट फासला, तेवढा खरवडून काढावा.

सांधे चुन्याचे आहेत, ते चुन्यानंच भरावेत. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३), २०२१ ला पुन्हा तेच, आणि पाणी उंबरा ओलांडून आत आलं. अशा भिंतीला सिमेंट आणि ऑइलपेंटनं कोंडलं की आतली ओल बाहेर पडत नाही. मग पोपडे सुटतात आणि पेंटर दरवर्षी पाहुण्यासारखा येतो. चुन्यातून ओल निघून जाते. पश्चिमेच्या भिंतीवरचे पत्रे कुरूप आहेत हे खरं, पण झडीचा पाऊस तेच अडवतात. नव्या सूनबाईंच्या माहेरच्यांना काय वाटेल म्हणून ते काढू नयेत.

आणि खर्च करायचाच तर समोरच्या खांबावरचा डिजिटल फलक आधी उतरवून घ्यावा. गेल्या वाढदिवसाचे शुभेच्छुक अजून लटकलेले आहेत आणि त्यांच्यामागं माडीची कोरीव महिरप झाकली गेली आहे. धाकट्याच्या लग्नाचा फलक तिथंच लावायचा असं मित्रमंडळानं ठरवलं आहे म्हणे. त्यात मांडव रस्त्यातच पडणार, म्हणजे घराचं तोंड कापडाआडच जाणार. तेव्हा पेंटरला दिवाळीपर्यंत थांबवावं, घराचे खांब आणि दार तेवढं अळशीच्या तेलानं पुसून घ्यावं, आणि वाचलेल्या पैशात मटणाच्या पंगतीला एक बकरा वाढवावा.

कळावे, लोभ असावा.

टेक्सासची मंडळी