सेट फोडणाऱ्या वहिनी

दुकानदारानं रंगाला रंग आणि काठाला काठ जुळवून तीन कपडे चेनच्या पारदर्शक पिशवीत एकत्र बसवलेले असतात. ती पिशवी घरी आणून, चेन उघडून, तिघांची तीन दिशांना पाठवणी करते ती बाई म्हणजे सेट फोडणारी. महाराष्ट्राला फोडाफोडी नवी नाही. पण इथे फुटून आलेल्याला मंत्रिपद द्यावं लागत नाही, एका हँगरवर भागतं.

ही बाई दुकानात लगेच ओळखू येते. बाकीच्या बायका कपडा खांद्याला लावून आरशात बघतात. ही कपडा हातात धरते आणि शून्यात बघते. त्या शून्यात तिचं कपाट असतं. कपाट डोंबिवलीत आणि ती दादरच्या हिंदमात्याला, तरी तिला आतला खण न् खण दिसतो.

"पूर्ण सेट आहे ताई. टॉप, बॉटम, दुपट्टा. थ्री पीस," दुकानदार कौतुकानं सांगतो.

"ते दिसतंय मला. ही पँट मोरपिशी कुर्त्यावर जाईल का, तेवढं सांगा."

"कुठला मोरपिशी कुर्ता?"

"घरी आहे."

न पाहिलेल्या कुर्त्याबद्दल मत द्यायची पाळी आली की भलेभले दुकानदार चहा मागवतात.

अशी एक तरी बाई प्रत्येक सोसायटीत असते. आमच्या इमारतीत ती दुसऱ्या मजल्यावर राहते. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भाऊजी म्हणते. फोर्टातल्या एका ऑफिसात वहिनींची नोकरी आहे आणि रोजचा प्रवास लेडीज डब्यातून. वहिनींच्या सगळ्या शास्त्राचा उगम त्या डब्यात आहे. तीच गाडी, तीच खिडकी आणि समोर वर्षानुवर्षं त्याच चार मैत्रिणी. नवऱ्याला बायकोचा ड्रेस जुना की नवा हे तिनं सांगितल्याशिवाय कळत नाही. या चौघींना तो कधी घेतला, कुठल्या सेलमध्ये घेतला आणि शेवटचा कधी घातला हे सगळं ठाऊक असतं. "परवाच घातला होतास ना गं?" हा प्रश्न कोपर ते घाटकोपरच्या दरम्यान केव्हाही पडू शकतो.

त्यावर वहिनींनी शोध लावला. "भाऊजी, माणसाला कपडा आठवत नाही, जोडी आठवते. गुलाबी टॉप, गुलाबी पँट, गुलाबी ओढणी बघितली की बाई डोक्यात फोटो काढून ठेवते. तोच टॉप राखाडी पँटवर घाला, तिला तो फोटो सापडतच नाही. टॉप ओळखीचा वाटतो, पण पुरावा नसतो."

थोडक्यात, एकेका सेटचे साक्षीदार फोडणं एवढंच वहिनींचं काम. फॅशन हा त्यातला उपफायदा.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे ऐकल्या ऐकल्या कागद ओढला. "वहिनी, चार सेट असतील तर चार टॉप, चार पँटी, चार ओढण्या. चार गुणिले चार गुणिले चार, 64 प्रकार झाले."

"साठ," वहिनी म्हणाल्या.

"64 होतात, वहिनी."

"दुकानदारानं केलेले चार वजा करा. ते काय माझे?"

भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या लीलावतीत अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यात ते विचारतात की शंकराच्या दहा हातांतल्या दहा आयुधांची अदलाबदल केली तर किती रूपं होतील, आणि गदा, चक्र, कमळ, शंख धरणाऱ्या हरीची किती? शंकराची 36,28,800, हरीची 24. संध्येत केशव, नारायण, माधव म्हणत आपण जी चोवीस नावं घेतो ती याच अदलाबदलीची. मी हे वहिनींना समजावून सांगितलं. वाटलं, दिपून जातील.

"म्हणजे चारच वस्तू, आणि देवानं चोवीस ठिकाणी मिरवून घेतलं," वहिनी म्हणाल्या. "आणि मी केलं की सासूबाई म्हणतात, नीट जोडी घालून जा."

अर्थात साठही सगळे चालत नाहीत. वहिनींची वर्गवारी कडक आहे. वीस ऑफिसचे, दहा घरच्या कार्याचे, पाच धाडसाचे. उरलेले 25 घालण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. निवडीचे नियम त्या पोळ्या लाटता लाटता सांगतात.

पहिला नियम, छापील कपड्यावर साधा कपडा घालायचा तर रंग छापातूनच उचलायचा, पण सगळ्यात जास्त दिसणारा उचलायचा नाही. पिवळ्या जमिनीवर लाल फुलं आणि फुलांच्या मध्ये एक हिरवा ठिपका असेल तर पँट हिरवी. "पिवळी पँट घातली तर ती दुकानदाराची अक्कल. हिरवी घातली की लोक विचारतात, कुठून शोधलीस?"

दुसरा नियम लांबीचा. टॉप आखूड तर खाली पलाझो, टॉप लांब तर खाली निमुळती पँट. लांबावर घोळदार घातलं की उंच बाईसुद्धा बुटकी होते, मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?

तिसरा नियम छापावर छाप घालणाऱ्यांसाठी. एक छाप मोठा असेल तर दुसरा बारीक हवा, आणि दोघांत एक रंग सामाईक हवा. याला अपवाद अजरखाचा. कच्छमध्ये 2001 च्या भूकंपानंतर खत्री कारागिरांनी अजरखपूर वसवलं, तिथला अजरख असो की आणखी कुठला. मूळ रंग नीळ आणि मंजिष्ठ, निळा आणि तांबडा. त्यामुळे एका सेटचा अजरख दुसऱ्या सेटच्या अजरखाशी कधी भांडत नाही. "सगळे एकाच घरातले," वहिनी म्हणतात, आणि सासूबाईंच्या खोलीकडे बघत पुढे जोडतात, "तरी पटतं त्यांचं."

चौथा नियम धुण्याचा आणि तो सगळ्यात कडक. सेटमधला एकच कपडा घातला तरी तिन्ही एकत्र धुवायचे. नाहीतर टॉप फिका, पँट गडद, आणि पुढे एखाद्या अडचणीला सेट पुन्हा जोडायचा म्हटलं तर जुळत नाही. त्यामुळे वहिनींकडे रोज न घातलेले कपडे धुवायला पडतात. मोलकरणीनं एकदा विचारलं, "ताई, हे मळलेत कुठे?" वहिनींनी तिला रंग उतरण्याचं शास्त्र सांगितलं. दुसऱ्या महिन्यात तिनं पगार वाढवून मागितला.

सासूबाईंचा मात्र मुळात विरोध. त्यांच्या काळात मॅचिंग हा संस्कार होता. साडीला ब्लाउज, ब्लाउजला टिकली, टिकलीला बांगड्या. अस्तराचा रंग सापडेपर्यंत मॅचिंग सेंटरचा माणूस ताग्यांच्या शिडीवर चढ-उतर करायचा. "आमच्या वेळी असं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं नव्हतं," असं त्या म्हणाल्या आणि वहिनी याच वाक्याची वाट बघत असाव्यात.

"आई, तुमच्या आईची इरकल कुठली?"

"इलकलची. इरकल आणखी कुठली असणार?"

"आणि चोळीचा खण?"

"गुळेदगुड्डचा."

"म्हणजे साडी एका गावची, चोळी दुसऱ्या गावची. मागही वेगळे. जिल्हा काय तो बागलकोट एक. मग सेट कुठे होता?"

सासूबाई गप्प झाल्या. खरं म्हणजे इतिहास वहिनींच्या बाजूनं आहे. साडेपाच मीटर साडीला 80 सेंटीमीटरचा ब्लाउजपीस जोडून देणं ही सोय नंतरची. पंजाबी ड्रेस आला तोही तीन कापडांचा संसार घेऊनच आला. अडीच मीटर टॉपचं, अडीच सलवारीचं, सव्वादोनची ओढणी, आणि शिंप्यानं टॉपचं उरलेलं कापड सलवारीच्या मोहरीला लावलं की जन्माची गाठ. पुढे लेगिंग्ज आली आणि गाठ सुटली. कुर्ती एकटी विकत मिळायला लागली, ओढणी ऐच्छिक झाली. आता को-ऑर्ड सेट आलेत. एकाच कापडाचा शर्ट, एकाच कापडाची पँट. म्हणजे बाजारानं सोडवलेलं पुन्हा बांधलं. वहिनी बाजाराला विरोध करत नाहीत. त्या को-ऑर्ड घेतात, शर्टाची बटणं उघडी ठेवून साध्या टी-शर्टवर जॅकेट म्हणून घालतात, आणि त्याची पँट खणाच्या कुर्त्याखाली रुजू करतात.

नवरात्र हा वहिनींचा परीक्षेचा हंगाम. वर्तमानपत्रात रंगांची यादी छापून येते, ती बाकीच्या बायका कात्रण करून फ्रिजवर लावतात. वहिनींना गरज नसते, कारण त्यांनी किल्ली ओळखली आहे. रंग वाराप्रमाणे ठरतात. रविवारी केशरी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी. उरलेल्या दोन दिवसांना मोरपिशी, जांभळा, गुलाबी यांतले पाहुणे. हे एकदा कळलं की खरेदीचं धोरण सोपं. "शनिवारी ऑफिसला सुट्टी, म्हणून राखाडीत पैसे घालायचे नाहीत. रविवारी आरतीला फक्त सोसायटीतले लोक, म्हणून केशरी ओढणी पुरे." पिवळा कुर्ता आणि निळी पँट असा एकच फोडलेला सेट त्यांनी बुधवारी आणि गुरुवारी दोन्ही दिवशी चालवला, फक्त ज्या रंगाचा मान त्याची ओढणी घेतली. डब्यातल्या चौघींनी दोन्ही दिवशी टाळ्या वाजवल्या.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर घरात शांतता राहिली असती. पण हात बसला की माणूस दुसऱ्याच्या कपाटात शिरतो. भाऊसाहेबांचा, म्हणजे वहिनींच्या यजमानांचा, एक सफारी सूट होता. सफारी हा पुरुषांच्या जगातला शेवटचा अभेद्य सेट. वरचं आणि खालचं एकाच ताग्यातून निघालेलं आणि एकत्रच निवृत्त होणारं. वहिनींनी त्यातला किरमिजी शर्ट उचलला, खाली पांढरी पँट दिली आणि भाऊसाहेबांना भाच्याच्या लग्नाला नेलं. वरात निघाली तेव्हा बँडवाल्यांनी त्यांना आदरानं मधे घेतलं आणि एकानं हातात झांजा दिल्या. भाऊसाहेब सज्जन. त्यांनी कार्यालयाच्या दारापर्यंत झांजा वाजवल्या. परत आल्यावर मात्र स्वतःच्या कपाटाला कुलूप लावलं.

आता हिशोबाचं. वहिनी हे सगळं काटकसरीसाठी करतात, असं त्या स्वतः सांगतात. मीही गणिताचा माणूस असल्यामुळे एकदा काटकसर मोजायला बसलो. गुलाबी सेटचा टॉप राखाडी पँटवर गेला. गुलाबी पँट एकटी पडली. तिच्यासाठी उल्हासनगरच्या गजानन मार्केटातून पांढरा टॉप आणला, पण तो सुटा मिळेना, सेटमध्येच होता. म्हणून पांढरी पँट आणि पांढरी ओढणीही घरी आली. पांढऱ्या पँटवर निळा टॉप शोभतो, तो हिंदमात्याला दिसला, निळ्या पँटीसकट. गणितात याला अनंत श्रेणी म्हणतात. वहिनी हिला उरलेल्यांची सोय म्हणतात. सेट फोडणारी बाई कपडे कमी घेते हा समज कपाट न पाहिलेल्यांचा आहे. ती कपडे तितकेच घेते, किंबहुना जास्तच. फरक इतकाच, की प्रत्येक खरेदीला तिच्याकडे आधीच घरात असलेलं एक कारण असतं.

कपाटाची मांडणीही या तत्त्वावर. टॉप एका खणात, पँटी दुसऱ्यात, ओढण्या दारामागच्या दांडीवर. मूळ जोड्या कुठल्या, याची नोंद कुठेही नाही. ती फक्त वहिनींच्या डोक्यात.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी इमारतीची वीज गेली. गाडीची वेळ झालेली, मोबाइल चार्ज नाही. वहिनींनी अंधारात हाताला लागला तो टॉप, लागली ती पँट, लागली ती ओढणी घेतली आणि पळाल्या. संध्याकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी विलक्षण होतं.

"भाऊजी, गाडीत उजेडात बघितलं तर अख्खा सेट. तिन्ही एकाच पिशवीतले."

"अरे बापरे. मग? चौघी काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार! नेहमीची ती माझ्या ओढणीला हात लावून म्हणाली, हे तिन्ही एकत्र घालायचं सुचतं कसं गं तुला? दुसरीनं मोबाइलवर फोटो काढला. तिसरी म्हणाली, धाडस आहे बाई तुझं."

"मग तुम्ही सांगितलं ना खरं?"

"छे! मी म्हटलं, तीन वेगळ्या सेटमधले आहेत. जुळवायला आठवडा गेला."

एवढं बोलून वहिनी दोन पायऱ्या चढल्या, थांबल्या आणि कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "आणि तो तुमचा हिशोब... 64 च धरा, भाऊजी. चार वाढले."