लागेल तेव्हा उघडू

नोऑटोवाला तुम्हालाही भेटलेला आहे. एफएसटॅब फाइलीत बूट पार्टिशनसमोर ‘नोऑटो’ लिहून ठेवणारा. म्हणजे मशीन सुरू झालं तरी बूट आपोआप माउंट होणार नाही, ते हाताने करायचं. आमच्या ऑफिसातले सर याच पंथाचे. “कर्नल मेमरीत गेला, बूटचं काम संपलं. आता दार उघडं कशाला? लागेल तेव्हा उघडू!”

घरीही हाच कायदा. गीझर, वायफाय, दाराची बेल, सगळं बंद. बेल वाजत नाही म्हणून व्हॉट्सअ‍ॅप करावं, तर सरांचा डेटा बंद. कुरिअरवाला आता थेट खालूनच बोंब मारतो.

तर्कात खोट नाही, हेच जास्त खुपतं. यूईएफआयच्या मशीनवर बूट बऱ्याचदा फॅट३२. त्याला जर्नल नाही. लिहिता लिहिता वीज गेली की संपलं. माउंटच नसेल तर बिघडणार काय? जेंटूच्या हँडबुकातही एकेकाळी नोऑटोचाच सल्ला होता, हे तर सर वेदवाक्यासारखं ऐकवतात.

घोडं पेंड खातं ते अपडेटला. एका शुक्रवारी सरांनी आर्चवर पॅकमन चालवला आणि बूट माउंट करायलाच विसरले. नवा कर्नल रूटवरच्या रिकाम्या बूट डिरेक्टरीत जाऊन बसला, जुन्याची मॉड्यूल्स पुसली गेली. रीबूटनंतर उठला जुनाच. आता तरी बूट माउंट करावं, तर मशीन म्हणतं, व्हीफॅट म्हणजे काय? ते मॉड्यूल नुकतंच पुसलेलं! किल्ली कपाटात आणि कपाट बंद. शेवटी सरांनी पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं.

मी सुचवलं, सिस्टिमडीचं ऑटोमाउंट लावा, हात लावला की आपोआप माउंट होतं. सर म्हणाले, “म्हणजे दार उघडायला नोकर ठेवू?”

एक मात्र कबूल करायला हवं. रात्री अडीचला सर्व्हर पडला की पहिला फोन सरांनाच जातो आणि दुसऱ्या रिंगला उचलला जातो. त्या घरात चोवीस तास चालू असलेली ती एकच गोष्ट. नवी पोरं क्लाउडवरचं बिघडलेलं मशीन फेकून दुसरं उभं करतात. बूट कुठे असतं हे त्यांना विचारूही नये.

येत्या मार्चला सर निवृत्त होताहेत. जागेवर कोण येणार, असं विचारलं तर मॅनेजमेंट म्हणालं, “बघू, लागेल तेव्हा घेऊ.”

सरांच्या कानावर घातलं. ते खो खो हसले. म्हणाले, “तत्त्व म्हणून बरोबरच आहे.”