पिन बसली, पुढे?

लॅपटॉपचा अडॅप्टर गेला की नातेवाइकांकडे त्याच्या जागी चालणारा दुसरा हमखास असतो. आमचे मेहुणे पलंगाखालचं खोकं घेऊनच आले. राउटरचा अडॅप्टर काढून त्यांनी लॅपटॉपला लावला. "बघा, पिन कशी चपखल बसली!" पिन बसली की विषय मिटला, ही आपल्याकडची सर्वपक्षीय श्रद्धा आहे.

राउटरचा अडॅप्टर 12 व्होल्टचा. लॅपटॉपला हवेत 19.5.

"जरा हळू चार्ज होईल, एवढंच."

मेहुणे बँकेतून निवृत्त झालेत. साडेएकोणीस रुपयांचं व्हाउचर बारा रुपयांत, जरा हळू, पास केलं असतंत का, हे विचारायचं मी टाळलं. बहिणीचा संसार आहे.

खरं तर सगळं जुन्या अडॅप्टरच्या पोटावर छापलेलं असतं, फक्त मुंगीला वाचता येईल अशा अक्षरात. त्यातली आउटपुटची ओळ आपल्या कामाची: 19.5 व्होल्ट, 3.34 अँपिअर. गुणाकार केला की 65 वॅट. व्होल्ट जुळायला हवेत. अँपिअर जास्त असले तरी बिघडत नाही, कारण लॅपटॉप हवा तेवढाच करंट ओढतो. कमी असले तर मात्र अडॅप्टर तापतो आणि बॅटरी रखडते. पण 12 व्होल्टला निर्धास्त असलेले मेहुणे 90 वॅटचं नाव काढताच दचकले. "जाळून टाकेल हो!"

त्याच ओळीखाली धन-ऋणाचं गोल चित्र असतं. गोल पिनच्या लॅपटॉपला सहसा आत धन, बाहेर ऋण. गिटारच्या पेडलला बहुधा नेमकं उलटं. भाच्याच्या पेडलचा अडॅप्टरही खोक्यात होताच, आणि मेहुण्यांची नजर त्याच्यावर होती.

नवा अडॅप्टर घ्यायला मी तपकीर गल्लीतलं एक दुकान गाठलं. दुकानदाराने स्टिकरकडे ढुंकूनही न बघता पिन तेवढी पाहिली.

"काका, ओरिजिनल देऊ, कंपॅटिबल देऊ, की ओरिजिनलसारखा?"

"ओरिजिनलसारखा म्हणजे?"

"खोकं ओरिजिनल आहे."

तो हातात घेतला तर रिकाम्या साबणदाणीइतका हलका. भारतीय मानक ब्युरोची खूण होती, पण तिच्याखाली आरपासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो छापायचा राहून गेला होता. मी कंपॅटिबलकडे वळलो. तिथे वेगळीच मेख. काही कंपन्यांच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. तिचं काम वीज देणं नाही, अडॅप्टर कुठला आणि किती वॅटचा ते लॅपटॉपला सांगणं. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी भरायला साफ नकार देतो.

"अडॅप्टर ओळखला नाही, असा मेसेज आला तर?" मी विचारलं.

"एंटर दाबायचं."

दुकानातच लावून, बॅटरीचा आकडा एका टक्क्याने वर सरकेपर्यंत मी काउंटर सोडला नाही. मागची रांग माझ्याबद्दल काय बोलत होती, ते लिहिण्यासारखं नाही.

आता हा सगळा घोळ टाइप-सी मिटवणार म्हणतात. युरोपीय संघाने 28 एप्रिल 2026 पासून नव्या लॅपटॉपनाही ते बंधनकारक केलंय. त्यात चार्जर आणि लॅपटॉप किती व्होल्ट घ्यायचे ते आपापसात ठरवतात, मेहुण्यांना विचारत नाहीत. भाचीचा लॅपटॉप तसाच आहे. तिचा चार्जर सकाळी तिच्या बाबांच्या फोनला असतो, दुपारी आईच्या, रात्री पाहुण्यांच्या. माझा अडॅप्टर दुसऱ्या कोणालाच चालत नाही, त्यामुळे ठेवतो तिथेच सापडतो.