हवेपुरती हाजिरी

राजूर कॉलरीत निवृत्त झालेल्या माणसांचे प्रकार ठरलेले आहेत. कोणी भजनी मंडळात पेटी धरतो. कोणी फंडाच्या पैशातून वणीला प्लॉट घेतो आणि उरलेलं आयुष्य त्याच्या फेरफारात घालवतो. कोणी पानटपरीवर बसून दुसऱ्यांच्या पोरांची लग्नं जुळवतो. आणि एक जण असा निघतोच, की कोळसा कंपनीनं, म्हणजे वेकोलिनं, निरोपाचा नारळ दिला तरी ज्याची ड्यूटी संपत नाही. खाणीतून वर येताना तो खाणीचा कायदा सोबत घेऊन येतो आणि गावात जे सापडेल त्याला लावतो. आमच्या ओव्हरमन काकांना मासे सापडले.

ओव्हरमनचं काम म्हणजे छत ठोकून बघायचं, गॅस तपासायचा, हवा पुरेशी खेळते का ते पाहायचं आणि आत किती माणसं आहेत याचा हिशेब डोक्यात ठेवायचा. कोळसा खाणीच्या नियमात माणशी मिनिटाला किमान ६ घनमीटर हवा लिहिलेली आहे. हे वाक्य काकांना गायत्री मंत्राच्या आधी पाठ झालेलं. त्यामुळे नातवाच्या वाढदिवसाला घरात काचेची टाकी आली, तेव्हा बाकी सगळ्यांना रंगीत मासे दिसले आणि काकांना बंद जागेत कोंडलेले कामगार दिसले. त्या दिवसापासून गावात कोणीही टाकी घेतली की आधी काकांकडे पाय वळतात. काही जण स्वतःहून येतात, बाकीच्यांकडे काका स्वतः पोचतात.

"काका, टाकी आनली. दोन फुटी."

"पानी किती बसते?"

"फुल्ल."

"फुल्ल म्हंजे किती लिटर?"

इथे गिऱ्हाईक गप्प होतं, मग काका खिशातून टेप काढतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. कागदावर ५६-५७ लिटर. त्यातून तळाची वाळू वजा, वरची रिकामी पट्टी वजा. हाती उरले ४५. मग नियम असा, की बारीक अंगाचा छोटा मासा असेल तर पूर्ण वाढलेल्या मापाच्या दर इंचाला चार लिटर पाणी. म्हणजे ११ इंच. मासे ११ नव्हे, इंच ११. हा फरक समजावून सांगण्यात काकांची अर्धी सकाळ जाते.

"पन वास्तूवाल्यानं नऊ सांगतले. आठ सोनेरी अन् एक काळा."

"वास्तूवाला टाकीत उतरून आला होता का?"

गोल्डफिश दुकानात दोन इंचांचा दिसतो. नीट जगला तर सहा-आठ इंचांच्या घरात जातो, लांबट जातीचा असला तर फूटभरही होतो. नऊ जणांचे सहाच्या हिशेबानं झाले ५४ इंच. त्यात हा प्राणी दिवसभर खातो आणि खाल्लेलं तितक्याच तत्परतेनं पाण्यात सोडतो, म्हणून त्याला इंचाचा नियमसुद्धा पुरत नाही. काका हे सारं शांतपणे सांगतात आणि शेवटी विचारतात, "आता सांग, लक्ष्मी येईन का गॅस होईन?"

गॅसवर काका विशेष रंगतात. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, पण मासा त्यानंच मरतो. फिल्टरच्या स्पंजात हळूहळू जिवाणू वस्तीला येतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट आठवड्याच्या पाणी-बदलानं निघून जातं. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. तोवर काका टाकीत मासा उतरू देत नाहीत. रविवारी गृहप्रवेश ठेवलेल्या माणसाची यानं फार पंचाईत होते. दिवाणखान्यात दिवा चालू, पंप बुडबुडे सोडतोय, पाणी स्वच्छ आणि आत कोणीच नाही. पाहुणे येतात, बघतात आणि आवाज उतरवून विचारतात, "कधी गेले?"

संख्या ठरली की प्रश्न येतो कोणासोबत कोण. फायटर एकच, कारण दोन नर समोरासमोर आले की एकच उरतो. त्याला लांब शेपटीच्या गप्पीजवळ ठेवायचं नाही, तो त्यालाही फायटर समजतो. एंजल मोठा झाला की तोंडात मावेल त्याला अन्न मानतो. टायगर बार्ब दोन-तीनच असले तर दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात, आठ-दहा असले तर बराच वेळ आपसातच भांडण्यात जातो. "म्हंजे युनियन," काका एका शब्दात वर्गीकरण संपवतात.

दुकानदार 'शार्क' म्हणून बोटाएवढा चकचकीत मासा देतो, त्यावर काकांचा खास राग. तो शार्क नसून पंगस आहे. मेकाँगसारख्या नदीतला, मीटरभर वाढणारा आणि आपल्याकडे बाजारात कापून मिळणारा. काच चाटणारा सकरही तसाच. "टाकी साफ करतो" म्हणून आणायचा, तर तो स्वतःच फूटभर वाढून सगळ्यांत जास्त घाण करणारा निघतो. मग मालक कंटाळून त्याला निर्गुडा नदीत सोडायला निघतो. तिथे काका आडवे येतात. परदेशातला हा सकर देशातल्या कितीतरी तळ्यांत असाच पोचला आणि आता जाळी फाडतो. "निर्गुडेनं तुहं काय वाकडं केलं?" एवढं विचारून ते माणसाला बादलीसकट परत पाठवतात.

पण काकांचं खरं शास्त्र राजुरातल्या पाण्याचं. गावात चुन्याच्या भट्ट्या, जमिनीखाली चुनखडी, म्हणून बोअरचं पाणी जड. भांड्यांवर पांढरा थर, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, किंचित आंबट पाण्यातला. तो आणायचा तर आधी पाणी बदलावं लागेल, म्हणजे आधी राजूर बदलावं लागेल. उलट मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल, गप्पी या पिल्लं घालणाऱ्या माशांना जड पाणीच मानवतं. एका हौशी माणसानं शोभेसाठी भट्टीजवळचे पांढरे दगड टाकीत रचले. काकांनी चिमटीनं लिंबाचा थेंब टाकून फेस दाखवला आणि म्हणाले, "राहू दे. मॉली असन तर बंगला हाये, टेट्रा असन तर तुरुंग."

गप्पीचं नाव काढलं की मात्र गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. आरोग्य खातं डासांच्या अळ्या खायला डबक्यांत आणि टाक्यांत सोडायला सांगतं, ते हेच मासे. पंधराशे रुपयांची टाकी, त्यावर शोकेस, शोकेसवर एलईडी, आणि आत सरकारी योजनेतला मासा! रंगीत शेपटीचा गप्पी दिसायला वेगळा असला तरी जात तीच. काका समजूत घालत नाहीत, उलट अट घालतात: फक्त नर आणायचे. मादी महिन्याला वीस-तीस पिल्लं देते. एकानं चलाखी करून एकटीच मादी आणली. तिच्या पोटात आधीच्या संगाचं बीज कित्येक महिने टिकतं हे त्याला कुठून माहीत असणार? पुढच्या तीन महिन्यांत तो राजुरात फुकट मासे वाटणारा माणूस म्हणून ओळखला जाऊ लागला.

शेवटचा निकष मे महिना. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, गरम पाण्यात कमी: २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आमच्याकडे बाहेर पारा ४५ ला जातो, दुपारी लाइट जाते, पंप बंद पडतो. त्याच वेळी गरम पाण्यामुळे माशाला श्वासही जास्त लागतो. म्हणून काका जानेवारीतल्या गिऱ्हाइकालाही मेची हाजिरी देतात. ११ इंचांतले दोन उन्हाळ्याचे कापले, राहिले ९. तीन-तीन इंचांच्या तीन मॉली, नाहीतर सव्वा-सव्वा इंचाचे सात नर गप्पी. चिठ्ठीवर सही, तारीख, शिफ्टसुद्धा.

हा न्याय माशांपुरता राहिला असता तर घर सुखी असतं. मागच्या उन्हाळ्यात काकूंच्या माहेरची मंडळी लग्नाला उतरली, तेव्हा काका दारातच उभे राहून मोजत होते: क्वार्टरच्या दोन खोल्या, एक कूलर, माणसं चौदा. काकूंनी आतूनच सांगितलं, "तुमी भाईर झोपा. एक कमी होईन." काका खाट घेऊन अंगणात गेले, कारण हिशेब बरोबर होता.

आता वणीच्या मासेवाल्यालाही सवय झाली आहे. गिऱ्हाईक राजूरचं म्हटलं की तो शार्कच्या टाकीवरचं फडकं काढतच नाही, सरळ चिठ्ठी मागतो. तीन लिहिल्या असतील तर तीनच मॉली पिशवीत भरतो. सणासुदीला एकदा त्यानं खूश होऊन चौथी फुकट दिली होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती परत आली, पिशवीवर शेरा होता: 'जागा नाही.'