तल्लीनराव

खुर्चीत बसून नाटक बघणाऱ्या माणसाची तल्लीनरावांना कीव येते. (नाव अर्थात सोसायटीनं ठेवलेलं.) मुलगा लंडनला, त्यामुळे २०१३ साली त्यांनी पॅडिंग्टन स्टेशनशेजारच्या टपालखात्याच्या जुन्या इमारतीत 'पंचड्रंक' या नाट्यसंस्थेचा 'द ड्राउन्ड मॅन' पाहिला. 'पाहिला' म्हटलेलं त्यांना खपत नाही, 'जगलो' म्हणायचं. अनेक मजले, रंगमंच नाही, प्रेक्षकांच्या तोंडाला मुखवटे, बोलायची बंदी, आणि नर्तक पळाला की आपण मागे पळायचं. आधार जर्मन नाटककार ब्युख्नरच्या 'वॉयझेक'चा. गरिबीनं पिचून भ्रमिष्ट होत गेलेल्या शिपायाचं हे नाटक १८३७ साली लेखकाच्या मृत्यूमुळे अपुरंच राहिलं.

पण शिपायाचं राहू द्या. या प्रयोगात एखाद्याच प्रेक्षकाला नर्तक हाताला धरून खोलीत नेई, दार लावी, मुखवटा उतरवी आणि कानात काहीतरी सांगे. तल्लीनरावांना कोणी नेलं नाही. दाराशी मोक्याची जागा धरली, मुखवट्याआड चेहरा व्याकूळ ठेवला, काठी टेकणाऱ्या एका बाईंना कोपरानं सारलं. तरी नेलं त्या बाईंनाच.

तेव्हापासून बेघरांवरचा, मनोरुग्णांवरचा, कुठल्याही ओस गोदामातला नाच ते सोडत नाहीत. पुठ्ठा दिसला की गुडघ्याचं ऑपरेशन विसरून त्यावर बसतात. थंडी वाजली नाही तर बेघरपणा पोचला नाही म्हणतात, आणि मध्यंतरात चहा नव्हता म्हणूनही कुरकुरतात.

मागच्या पावसाळ्यात आमच्या फाटकाजवळच्या बसथांब्यावर एक माणूस राहायला आला. स्वतःशीच बोलायचा, गाठोडं सोडायचा, बांधायचा. मी म्हटलं, "मानसिक आरोग्याच्या २०१७च्या कायद्यानं अशा माणसाला पोलिसांनी दवाखान्यात न्यायचं असतं. शिवाय कर्जतला डॉ. वाटवानींची श्रद्धा संस्था आहे, ते लोक उपचार करून घरी पोचवतात. फोन करू या."

"करू की. आधी मला नीट बघू दे."

आणि हात मागे बांधून, तोंडातून अवाक्षर न काढता, ते त्याच्यापासून दोन हातांवर जाऊन उभे राहिले. तो उठला, हे निघाले. तो नळावर, हे नळावर. तो झाडामागे गेला तेव्हाही हे... असो. अखेर त्यानं गाठोडं खाली ठेवलं, यांचं मनगट धरलं आणि सरळ वॉचमनच्या केबिनपाशी आणून उभं केलं.

"यांच्या घरचं कुणी आहे का? सकाळपासून भरकटतायत बिचारे."

वॉचमननं नको तेवढ्या गंभीरपणे रजिस्टर उघडलं. तल्लीनरावांचे डोळे भरून आले होते.

"बघितलंत ना?" मला म्हणाले. "मला नेलं!"